शेवटचे कार्ड



गेल्या वर्षी आमच्या लेकीने साताऱ्याला आजीला फोनवर सांगितले, "आजी, मी खाते उद्या घरी भात." आजी कौतुकाने हसली, मीही हसलो. पुढे दोन महिने लेक फोनवर "हो", "नाही" आणि "आईला देते" एवढेच बोलली. चूक माझी होती. तिचे शब्द सगळे बरोबर होते, क्रम तेवढा जर्मन होता: इश एस्से मॉर्गन त्सु हाउज राइस.

वाट सापडली ती चिनी भाषेतून! आमच्या वरच्या मजल्यावर तेव्हा इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत शिकणारी एक चिनी ताई राहायची. तिने तेच वाक्य सांगितले: "वो मिंगथ्येन त्साय ज्या छ्र मीफान." शब्दाखाली शब्द मांडला तर होते: मी – उद्या – घरी – खाते – भात. केव्हा आणि कुठे हे चिनीतही मराठीसारखेच क्रियापदाच्या आधी येते. आम्ही पाच कार्डे टेबलावर मांडली. लेकीने फक्त 'खाते' उचलून शेवटी ठेवले. झाले मराठी वाक्य!

मग ताईने आणखी गमती सांगितल्या. "नी लाय मा?" म्हणजे "तू येतोस का?" आपला 'का' आणि त्यांचा 'मा', दोन्ही वाक्याच्या शेपटीला. "मामा द शू" म्हणजे आईचे पुस्तक. (चिनी मामा म्हणजे आई बरं का!)

एक फरक मात्र मोठा आहे. "वाघाने शेळीला खाल्ले" किंवा "शेळीला वाघाने खाल्ले", कसेही म्हणा, शेळी गेलीच. कारण 'ने' आणि 'ला' सांगतात कोण कोण आहे. चिनीत असे प्रत्यय नाहीत. "लाओहू छ्र यांग" म्हणजे वाघ शेळी खातो. दोन टोकांचे शब्द बदलले की शेळीच वाघ खाते! आम्हा संगणकवाल्यांच्या भाषेत, मराठी डब्यांना चिठ्ठ्या लावते, चिनी डबे रांगेत ठेवते.

पालकहो, आता तुमच्यासाठी. आपल्या मुलांना मराठी क्रम येतोच, फक्त तो 'दास'नंतर लपलेला असतो. "इश वाइस, दास इश मॉर्गन त्सु हाउज राइस एस्से." मला माहीत आहे, की मी उद्या घरी भात खाते. 'की'नंतर बघा, शब्द न् शब्द जागेवर! म्हणून मूल अडखळले तर "चूक" म्हणू नका, हसू तर नकाच. नुसते "दास?" असे हळूच विचारा. आमच्याकडे तेवढे पुरते. आता लेक आजीला शाळेतली भांडणेसुद्धा सांगते, आणि फोन आईकडे यायला अर्धा तास लागतो.

पुढच्या शनिवारी प्रत्येकाने पाच कोरी कार्डे आणावीत. कोण, केव्हा, कुठे, काय आणि क्रिया, एकेका कार्डावर एक. वाघ आणि शेळी मी आणतो.