जंगलवाटेवरील जीप

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड आणि जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव या तालुक्यांच्या डोंगराळ सीमेवर गौताळा औट्रमघाट अभयारण्य पसरले आहे. १९८६ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. अशा डोंगरभागातील वस्त्यांवर लसीकरणाचे पथक वा मतदानाचे साहित्य न्यावयाचे, तर चारही चाकांना गती देणारी जीपच उपयोगी पडते. मात्र तिच्या सामर्थ्याविषयी काही गैरसमज आहेत.

साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. ती चिखलात घसरली, की मोटार जागीच रुतते. जीपमध्ये दुसरा दांडा ओढताच पुढील व मागील दोन्ही आसांना शक्ती मिळते. खालच्या गिअरमध्ये वेग घटतो व ओढ वाढते. पण ब्रेक काही त्यामुळे अधिक लागत नाही! चढावर ही जीप सरस ठरते, उतारावर नव्हे. म्हणून घाट उतरण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. सतत ब्रेक दाबल्यास तो तापतो आणि ऐन वळणावर दगा देतो.

येथील काळी माती पाणी पिऊन फुगते व टायरच्या खाचांत घट्ट बसते. मग टायर गुळगुळीत होतो आणि चार चाकेही हतबल ठरतात. मुरमाची वाट पाऊस उघडल्यावर लवकर निथळते, काळ्या मातीच्या वाटेला मात्र उसंत द्यावी लागते. ओढा लागल्यास आधी पाण्याचा रंग व ओढ पाहावी. पाणी गढूळ आणि वेगवान असेल, तर मागे फिरणे श्रेयस्कर. दोन फूट वाहते पाणी जीपलाही वाहून नेऊ शकते.

खरी हानी होते ती वाटेची. चाकोरी खोल झाली म्हणून चालक शेजारच्या गवतावरून गाडी घालतो. मागून येणारे तेच करतात. पावसाचे पाणी या नव्या चाकोऱ्यांतून धावते, माती वाहून जाते आणि दोन-चार पावसाळ्यांत तेथे ओघळ तयार होते. मग पायी जाणाऱ्या बाळंतिणीलाही तेथून नेणे कठीण होते. ग्रामपंचायतींनी वाटेच्या कडेचे चर पावसाळ्यापूर्वी मोकळे केले, तर चाकोऱ्या मुळातच कमी पडतील. खडी टाकण्याहून हे काम स्वस्त आहे, तरी तेच नेमके राहून जाते.

अभयारण्यात प्रवेशासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये परवानगी घ्यावी लागते. उन्हाळ्यात वाळल्या गवतावर गाडी उभी करू नये. तापलेल्या धुराच्या नळीने वणवा पेटू शकतो. गाडीत फावडे, जाड दोर आणि दोन-तीन गोणपाटे ठेवावीत. चाक रुतल्यास इंजिन गरगरवू नये. चाकापुढील माती उकरून गोणपाट अंथरावे आणि सावकाश पुढे सरकावे.