परसातला पेरू आणि अंगातले रक्त

जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, कामात मन लागत नाही, ही दवाखान्यात येणाऱ्या भगिनींची नेहमीची तक्रार. पापणी ओढून पाहावी तर आतून फिकट. मी रक्त तपासायला सांगतो, लोहाच्या गोळ्या लिहून देतो आणि विचारतो, "परसात पेरूचे झाड आहे का?" पुष्कळजणींकडे असते. "खाता का?" "छे हो डॉक्टर, पोरं खातात. आम्हाला सर्दी होते!"

सर्दी विषाणूंमुळे होते, पेरूने नव्हे. रक्तक्षय मात्र घरोघरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत तो आढळला.

आता कोणी म्हणेल, पेरूत लोह कुठे असते? खरे आहे, फारसे नसते. पण बाजरीची भाकरी, मटकी, पालेभाजी यांत जे लोह असते ते आतड्यात सहज शोषले जात नाही. त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व पोटात गेले, तर शोषण चांगले वाढते. १०० ग्रॅम पेरूत हे जीवनसत्त्व सुमारे २०० मिलिग्रॅम असते, म्हणजे संत्र्याच्या कितीतरी पट. म्हणून पेरू दुपारी फावल्या वेळी न खाता जेवताना, भाकरीबरोबर खावा. सालीसकट, आयत्या वेळी चिरून. कोशिंबीर केली तरी चालेल. शिजवलेल्या भाजीत किंवा जेलीत चव राहते, 'क' जीवनसत्त्व बरेचसे जाते. आणि जेवणावर लगेच चहा नको. तो लोहाचे शोषण अडवतो. तासभर थांबावे. (हे सांगितले की पेशंट नाराज होतात!)

नवे कलम लावायचे असेल तर 'सरदार' चांगला. त्याचे दुसरे नाव लखनौ-४९, पण निवड झाली आपल्या पुण्याच्या गणेशखिंडीत, १९२७ साली. पावसाळी फळात फळमाशीच्या अळ्या फार. गळलेली फळे रोज गोळा करून खोल पुरावीत. हिवाळ्यातला पेरू अधिक गोड आणि निरोगी.

मधुमेह्यांनी एखादा मध्यम पेरू खाण्यास सहसा हरकत नाही, रस मात्र काढू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, कारण पेरूत पोटॅशियम बरेच असते. आणि पेरू सुरू केला म्हणून लोहाच्या गोळ्या सोडू नका. हिमोग्लोबिन भरून आल्यावरही त्या साधारण तीन महिने चालू ठेवाव्या लागतात.