रेखाब्यांनीं न घेतलेला प्याला

पाठ: यिर्मया ३५. सोबत २ राजे १०:१५-२३ हेंही वाचावें.

चारचौघे जेथें जमले आहेत तेथें आपण नसलों, तर आपलें कांहींतरी बुडालें असें मनास वाटत राहतें. ह्या भयास इंग्रजींत अलीकडे 'फोमो' असें नांव पडलें आहे. पॅट्रिक मॅकगिनिस नामक विद्यार्थ्यानें तें २००४ सालीं हार्वर्ड येथील विद्यार्थिपत्रांत वापरलें. नांव नवें, दुखणें मात्र जुनें. आणि तें ज्यास जडलें नाहीं अशा एका घराण्याची हकीकत यिर्मयाच्या ग्रंथांत आहे.

यहोयाकीम राजाच्या कारकीर्दींत, म्हणजे ख्रिस्तापूर्वीं ६०९ ते ५९८ ह्या काळांत, रेखाबी लोक खास्द्यांच्या सैन्याच्या भयानें यरुशलेमेंत येऊन राहिले होते. द्राक्षारस पिऊं नये, घर बांधूं नये, बीं पेरूं नये, द्राक्षमळा लावूं नये, तंबूंत राहावें, असा नेम त्यांचा पूर्वज योनादाब ह्यानें घालून दिला होता. योनादाब येहू राजाच्या वेळचा. तेव्हां तो नेम २०० हून अधिक वर्षांचा जुना होता.

यिर्मयानें त्यांस मंदिरांतील एका कोठडींत नेलें. ती कोठडी सरदारांच्या कोठडीस लागून होती. शहरांत नव्यानें आलेल्या तंबूवाल्यांस असा मान रोज का मिळतो? पुढें द्राक्षारसाचे भरलेले कलश व प्याले मांडले, आणि 'प्या' म्हणणारा प्रत्यक्ष संदेष्टा! भरल्या पंक्तींत वाढलेलें नाकारणें किती जड जातें, हें आपल्या खेड्यांतील मनुष्यास सांगावयास नको. तरी त्यांनीं शांतपणें सांगितलें कीं आम्ही पीत नाहीं, आणि त्याचें कारणही सांगितलें.

येथें हें ध्यानांत घ्यावें कीं, बोलावल्यावर ते आले. नकार प्याल्यास होता, माणसांस नव्हता. त्यांनीं यिर्मयास दोष दिला नाहीं. खुद्द योनादाबही येहूनें हात पुढें करतांच त्याच्या रथांत चढला होता. (त्या रथयात्रेंतून पुढें जो रक्तपात झाला तो निराळ्या पाठाचा विषय आहे.) शेजाऱ्याच्या घरीं लग्न निघालें कीं दार लावून आंत बसणें ह्यास जे समाधान म्हणतात, त्यांनीं तें रेखाब्यांपासून घेतलेलें नाहीं. तसेंच, सैन्याचें भय खरें होतें म्हणून त्यांनीं राहण्याची जागा बदलली, व तसें उघड सांगितलेंही. पंक्तींत वेगळें पडण्याच्या भयापुढें मात्र ते हलले नाहींत.

असें बळ कोठून आलें? त्यांचें उत्तर पुन्हां वाचा. त्यांत 'मी' नाहीं, 'आम्ही' आहे. आम्ही, आमच्या स्त्रिया, आमचे पुत्र व कन्या. अँड्र्यू प्रझिबिल्स्की व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१३ सालीं ह्या भयाविषयीं संशोधन प्रसिद्ध केलें. आपल्या इच्छेनें वागतां येणें, कांहीं साधतां येणें आणि इतरांशीं जवळीक असणें, ह्या गरजा ज्यांच्या कमी भागतात त्यांच्यांत हें भय अधिक, असें त्यांस आढळलें. रेखाब्यांच्या तंबूस तंबू लागून होता.

उपदेशक बंधूंनो, आतां आपल्या मंडळींतील जो तरुण घरांत एकटाच विश्वासी आहे त्याचा विचार करा. जत्रेच्या रात्रीं सोबती मद्य घेऊन बसतात. तुम्ही त्यास 'जाऊं नको' म्हणतां, आणि तो जात नाहीं. परंतु मध्यरात्रीपर्यंत तो मोबाइलवर त्यांचींच छायाचित्रें पाहत बसतो. देह घरीं, मन तेथें. अशास रागें भरणें माझ्या मतें व्यर्थ आहे. त्या रात्रीं तो कोणाबरोबर जेवला, हें आधीं विचारावें. रविवारीं एक तास भेटणारी मंडळी उरलेल्या सहा संध्याकाळीं त्याची कोण लागते?

यास्तव जत्रेचा हंगाम येण्यापूर्वीं अशा एकट्यांचीं नांवें लिहून काढा, आणि त्या रात्रीं कोण कोणाच्या घरीं जेवील तें ठरवा. भाकरी-कालवण साधें असलें तरी चालेल. पण बोलावणें चार दिवस आधीं जावें, कारण दुसऱ्या बाजूचें बोलावणें केव्हांच पोहोंचलेलें असतें.