एक्स-रेच्या आधीचं बोलणं

पूर्व नेपाळमधल्या दमकला मी डॉक्टर म्हणून काम केलं. झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या सात छावण्यांत एक लाखाहून जास्त भूतानी निर्वासित राहत होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला भूतान सोडावं लागलेली ही नेपाळीभाषक माणसं. २००७-०८पासून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियासह आठ देश त्यांना सामावून घेऊ लागले आणि जाण्याआधी प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होऊ लागली. अशा कामाला कुणी मराठी डॉक्टर, नर्स निघणार असतील, तर त्यांना पहिल्यांदा हे सांगेन: तुमच्यासमोर बसलेल्या माणसाला ही परीक्षा वाटते. नापास झालो तर जन्मभर छावणीतच, अशी धास्ती घेऊनच तो आलेला असतो.

धास्तीपोटी खोकला लपवला जातो. रात्री घाम येतो का, असं विचारलं की बायको आधी नवऱ्याकडे बघते, मग ‘नाही’ म्हणते. दुसऱ्याचा बेडका आपला म्हणून दिला जाण्याची शक्यता असते, म्हणून नमुना कर्मचाऱ्यासमोरच घ्यावा लागतो. देखरेखीनं नमुन्याची अदलाबदल थांबते, भीती मात्र तशीच राहते.

एका बापाच्या छातीच्या एक्स-रेत डाग दिसला. तीन सकाळी घेतलेल्या तिन्ही नमुन्यांच्या स्लाइड स्वच्छ आल्या. घरच्यांना वाटलं, सुटलो. त्यांनी शेळ्या विकल्या, भांडी वाटून टाकली. कल्चरचा निकाल यायला आठ आठवडेही लागू शकतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कल्चरमध्ये क्षयाचे जंतू वाढले आणि सहा महिन्यांचे उपचार सुरू झाले. थोरल्या मुलाची फाइल वेगळी होती. तो बायकोमुलांसह पुढे गेला. बाप रोज आमच्या माणसासमोर गोळ्या गिळायचा आणि रोज एकच विचारायचा, ‘आता आम्हाला नेणार नाहीत ना?’ खरं तर उपचार पूर्ण झाले की वाट मोकळी होती. पण आधी न सांगितलेली गोष्ट नंतर सांगितली की ती समजूत काढल्यासारखी वाटते. त्या घराचे हाल क्षयापेक्षा या न सांगण्यानं जास्त झाले, असं मी आजही म्हणेन.

म्हणून एक्स-रेच्या आधी बोला, आणि सगळ्या घराला एकत्र बसवून बोला. क्षय निघाला तर जाणं लांबतं, रद्द होत नाही. स्लाइड स्वच्छ आली तरी कल्चर बाकी असतं. शेवटचा निकाल हाती येईपर्यंत काही विकू नका, मुलांची नावं शाळेतून काढू नका. तपासणीलाही मुदत असते: अमेरिकेच्या नियमांत साधारण सहा महिने, क्षयाची नोंद असेल तर तीन. विमान लांबलं की पुन्हा तपासणी होते; ती आजार निघाल्यामुळे नाही, हेही तेव्हाच सांगून ठेवा.

बेडका द्यायला शिकवावं लागतं. म्हाताऱ्या आमा डबीत नुसती थुंकी देतात आणि तो नमुना वाया जातो. त्यांना उघड्यावर, वाऱ्याच्या ठिकाणी न्या. पाण्यानं चूळ भरायला सांगा. दोन-तीनदा खोल श्वास घेऊन रोखून धरायचा आणि मग पोटातून खोकायचं, हे स्वतः करून दाखवा. घाई केलीत तर त्या लाजतात.

दुभाष्या शक्यतो त्याच छावणीतला नको. शेजारच्या झोपडीतल्या पोरासमोर कुठली बाई अंगावरून जाण्याचं किंवा रात्रभर झोप न लागण्याचं बोलेल? आणि झोपेचं जरूर विचारा. अमेरिकेत पोचलेल्या भूतानी निर्वासितांमधल्या आत्महत्यांचा तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेला पुढे अभ्यास करावा लागला. मन खचलंय असं सांगितलं तर फाइल अडेल, ही भीती इथेही असते.

प्रवास न अडवणारे आजार सहज नजरेतून सुटतात. वर्षानुवर्षं शिध्याच्या तांदूळ-डाळीवर आणि दूध, अंडी, मटण यांच्या टंचाईत काढलेल्या या लोकांमध्ये बी-१२ची कमतरता मोठ्या प्रमाणावर निघाली. पायाला मुंग्या येतात, जीभ सोलवटली आहे, असं कुणी म्हणालं तर ते कागदावर उतरवा.

आणि तो कागद, एक्स-रे, गोळ्या सामानाच्या बॅगेत जाऊ देऊ नका. औषधाचं नाव, डोस, सुरू केल्याची तारीख सुवाच्य अक्षरात लिहा आणि घरातल्या वाचता येणाऱ्या माणसाकडून ते तुमच्यासमोर मोठ्यानं वाचून घ्या. ती पिशवी उतरेपर्यंत हातातच ठेवायची, हे निघायच्या दिवशी पुन्हा एकदा बजावा.