गाडीवर ‘नजर ठीक’ म्हणाले. तरी तपासणी कशाला?

प्रश्न : गावात स्वयंसेवकांची मोफत नेत्रतपासणीची गाडी आली होती. आईचं वय 62, मधुमेह जुना. ‘नजर ठीक आहे’ म्हणाले. तरी नेत्रतज्ज्ञांकडे न्यावं का?
— एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : न्याच, आणि ते मधुमेहामुळे. अशा गाडीवर बहुधा एकेक डोळा झाकून 6 मीटरवरचा तक्ता वाचायला लावतात. कमी दिसलं तर बारीक भोकाची पट्टी डोळ्यापुढे धरतात. त्यातून स्पष्ट दिसलं तर दोष बहुतेक चष्म्याच्या नंबरचा; नाहीतर मोतीबिंदूचा किंवा पडद्याचा संशय. बिनखर्चाची, पण मोठी हुशार युक्ती! मात्र मधुमेहाने पडद्याच्या रक्तवाहिन्या बिघडत असतानाही शेवटची ओळ खणखणीत वाचता येते. सुरुवातीच्या काचबिंदूचंही तेच. म्हणून वर्षातून एकदा, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्या. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सोसत नाही. आईंना एकटं पाठवू नका. साखरेचे रिपोर्ट आणि जुना चष्मा सोबत असू द्या. खर्चाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

गाडी पुन्हा आली तर शेजाऱ्यांना मात्र जरूर पाठवा. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवता येईना झालेल्यांचं काम बहुतेकदा तिथेच भागतं.