लेझरनंतर उरलेले केस, इलेक्ट्रोलिसिस आणि शरीअत

कोकणातील एका भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात हाती आले. पत्र लहान आहे. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला दाट केस येऊ लागल्यामुळे तिने वैद्यकीय सल्ल्याने लेझरची आठ सिटिंग्ज पूर्ण केली. काळे, जाड केस गेले. काही पांढरे व पिंगट केस मात्र तसेच उरले. आता त्वचारोगतज्ज्ञांनी तिला इलेक्ट्रोलिसिस सुचविले आहे. दोन महिन्यांनी निकाह ठरला आहे. घरातील एका वडीलधाऱ्या स्त्रीने तिला सांगितले की, केस उपटणाऱ्या स्त्रीवर लानत आहे आणि हे तर केस मुळासकट जाळणे झाले, म्हणजे अल्लाहच्या निर्मितीत बदल करणे झाले. पत्राच्या शेवटी तिने एकच प्रश्न विचारला आहे : मी त्या लानतीत मोडते का?

हा प्रश्न वाचून मी अस्वस्थ झालो, त्याला कारण आहे. इमामत स्वीकारल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी जवळजवळ हाच प्रश्न एका वडिलांनी आपल्या मुलीच्या वतीने मशिदीच्या पायरीवर मला विचारला होता. मी उभ्या उभ्या ‘जायज नाही’ असे सांगून मोकळा झालो. केस कोठले, कशामुळे उगवले, यांपैकी काहीच विचारले नाही. पुढे किताबे उघडली तेव्हा उत्तर चुकल्याचे ध्यानात आले. त्यांच्या घरी जाऊन मी चूक कबूल केली. परंतु तोवर त्या मुलीने उपचार सोडून दिला होता. म्हणून या वेळी उत्तर सविस्तर देत आहे.

प्रथम ही क्रिया काय आहे ते समजून घेऊ, कारण वस्तुस्थिती न जाणता दिलेला हुकूम हवेत राहतो. लेझरचा प्रकाश केसातील काळ्या रंगद्रव्यात, म्हणजे मेलॅनिनमध्ये, शोषला जातो. तेथे उष्णता निर्माण होते आणि ती केसाच्या मुळाशी पोहोचून त्याला निकामी करते. केस पांढरा असेल तर त्यात रंगद्रव्यच नसते; पिंगट किंवा अगदी बारीक केसात ते अत्यल्प असते. प्रकाशाला पकडण्याजोगे काही न सापडल्यामुळे असे केस कितीही सिटिंग्ज झाली तरी शिल्लक राहतात. शिवाय काही स्त्रियांच्या चेहऱ्यावर व मानेवर लेझरनंतर उलट अधिक केस उगवल्याचेही आढळते. म्हणूनच अमेरिकेतील औषध नियामक संस्था लेझरला केसांची ‘कायमची घट’ म्हणते, तर ‘कायमचे निर्मूलन’ हे शब्द इलेक्ट्रोलिसिससाठी वापरते.

इलेक्ट्रोलिसिसमध्ये केसाच्या रंगाशी काही संबंध नसतो. केस ज्या छिद्रातून उगवतो त्यात केसाच्या कडेने अतिशय बारीक सुई सरकवली जाते व क्षणभर विजेचा सौम्य प्रवाह सोडला जातो. एका पद्धतीत हा प्रवाह तेथील मीठ व पाणी यांपासून दाहक क्षार तयार करतो, दुसरीत उष्णता निर्माण होते, तिसरीत दोन्ही एकत्र असतात. मूळ नष्ट झाले की केस चिमट्याने अलगद, ओढ न लागता निघतो. प्रत्येक केसावर स्वतंत्र काम करावे लागते, म्हणून वेळ फार लागतो. केसांचे उगवण्याचे व विश्रांतीचे चक्र असल्यामुळे हनुवटीचे काम पुरते संपायला वर्ष-दीड वर्षही लागू शकते.

या पद्धतीचा जन्म सौंदर्यप्रसाधनाच्या दालनात झालेला नाही. 1875 मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस शहरातील चार्ल्स मिशेल या नेत्रवैद्याने तिचा वापर आतल्या बाजूस वळलेल्या पापण्यांच्या केसांसाठी केला. असे केस डोळ्यात टोचून बुबुळाला इजा करतात. पुढे चर्चा करताना ही गोष्ट उपयोगी पडेल.

आता हदीसकडे वळू. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आलेल्या रिवायतीत गोंदणाऱ्या व गोंदवून घेणाऱ्या, चेहऱ्याचे केस उपटवून घेणाऱ्या आणि सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांवर लानत सांगितली आहे व त्यांना अल्लाहच्या निर्मितीत बदल करणाऱ्या म्हटले आहे. बनू असदमधील उम्मे याकूब नावाची, कुरआन वाचणारी एक स्त्री हे ऐकून त्यांच्याकडे आली आणि म्हणाली की, मी दोन पुठ्ठ्यांमधील सारा कुरआन वाचला आहे, त्यात मला हे सापडले नाही. त्यांनी तिला सूरह हश्रमधील ती आयत ऐकवली, जिच्यात प्रेषित (स.) जे देतील ते घेण्याचा व ज्यापासून रोखतील त्यापासून थांबण्याचा आदेश आहे. ती म्हणाली, तुमची पत्नीच हे करीत असावी. ते म्हणाले, आत जाऊन पाहा. ती आत गेली, तिला तसे काही दिसले नाही. या प्रसंगात मला नेहमी दोन गोष्टी दिसतात : हदीसचा अधिकार, आणि एका स्त्रीने थोर सहाबीला दलील विचारली तरी त्यांनी तिला दटावले नाही. प्रश्न विचारणाऱ्या भगिनीनेही संकोच बाळगू नये.

हदीस सहीह आहे. तिच्यावर शंका नाही. चर्चा आहे ती तिच्या व्याप्तीची. ‘नम्स’ या मूळ शब्दाचा अर्थ काय? इमाम अबू दाऊद (रह.) यांनी आपल्या सुननमध्ये ‘नामिसा’चा अर्थ भुवया कोरून बारीक करणारी स्त्री असा दिला आहे. त्याच ठिकाणी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची रिवायत आहे. तिच्यात केस जोडणे, उपटणे व गोंदणे यांवरील लानत सांगताना ‘कोणतीही व्याधी नसताना’ अशा आशयाची अट येते. हे तीन-चार शब्द डोळ्यांआड केले की त्या दिवशी मी केली तीच चूक होते.

कोकणातील आपले बहुसंख्य बंधू-भगिनी शाफई मस्लकाचे आहेत, म्हणून प्रथम त्यांच्या इमामांचे पाहू. इमाम नववी (रह.) सहीह मुस्लिमच्या शरहमध्ये ही हदीस स्पष्ट करताना चेहऱ्याचे केस काढणे हराम ठरवतात आणि लगेच अपवाद सांगतात : स्त्रीला दाढी किंवा मिशी आली तर ती काढणे हराम नाही, उलट मुस्तहब, म्हणजे पसंतीचे आहे. इब्ने जरीर तबरी (रह.) यांचे मत याहून कडक होते, तेही नववींनी तेथेच नोंदवले आहे, पण स्वीकारलेले नाही. हनफी मस्लकात अल्लामा इब्ने आबिदीन शामी (रह.) यांनी ‘रद्दुल मुहतार’मध्ये हीच भूमिका घेतली आहे. दोन्ही मस्लकांची कारणमीमांसा समजण्याजोगी आहे. दाढी हे पुरुषाचे चिन्ह आहे. ते स्त्रीच्या चेहऱ्यावर येणे ही सामान्य निर्मिती नव्हे, तिच्यापासून झालेले विचलन आहे. ते दूर करणे म्हणजे निर्मिती बदलणे नव्हे, तिच्या मूळ रूपाकडे परतणे आहे. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक युद्धात कापले गेले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसविण्याची अनुमती दिली, ही अबू दाऊद व तिर्मिजीमधील रिवायतही याच दिशेने बोट दाखवते.

बहुतेक वेळा अशा केसांमागे व्याधी असतेच. अंडाशयाशी संबंधित पीसीओएस या विकारात शरीरातील पुरुषी हार्मोनचे प्रमाण वाढते, पाळी अनियमित होते आणि हनुवटी, ओठांच्या वर, छातीवर जाड केस येतात. म्हणून केवळ केसांमागे न लागता स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवावे. हार्मोन तसेच राहिले तर सुईने मारलेला केस परत येणार नाही, पण शेजारची बारीक लव जाड होऊ लागेल आणि पैसा व वेळ दोन्ही वाया जातील. उपचार घेण्याचा आदेश देणाऱ्या दीनमध्ये अशा मुलीला ‘सहन कर’ एवढेच सांगणे मला तरी योग्य वाटत नाही.

राहिला ‘कायमचे’ हा आक्षेप. दोऱ्याने किंवा कात्रीने काढले तर चालते, पण मूळच जाळले तर निर्मितीत बदल होतो, असे अनेकांना वाटते. हुकूम काळावर नव्हे, वस्तूवर अवलंबून आहे. जे केस काढणे मुळात जायज आहे ते दर आठवड्याला काढले काय किंवा एकदाच काढले काय, जायजच. जे काढणे निषिद्ध आहे ते चार दिवसांपुरते काढले तरी निषिद्धच राहते. पार्लरमध्ये कोरलेल्या भुवया महिन्याभरात परत येतात म्हणून त्या जायज ठरत नाहीत. खतना कायमचीच असते आणि ती फितरतीचा भाग आहे. तेव्हा हनुवटीवरच्या केसांसाठी इलेक्ट्रोलिसिस करून घेण्यास हरकत नाही. सिटिंग सुरू असताना ‘भुवयाही आखून देऊ का?’ असे विचारले जाते, तेथे मात्र नको म्हणावे. पुरुषांसाठी दाढी कायमची नष्ट करून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही; गालफडांवर दाढीच्या रेषेबाहेर उगवणाऱ्या केसांची गोष्ट वेगळी.

ज्याची मला अधिक काळजी वाटते तो मुद्दा सतरचा आहे. हनुवटीचे काम स्त्रीकडूनच करून घ्यावे. परपुरुषाचा स्पर्श टाळणे येथे सहज शक्य आहे, कारण हे काम करणाऱ्या बहुतांश स्त्रियाच असतात. नाभी ते गुडघा हा भाग मात्र स्त्रीने स्त्रीसमोरही उघडायचा नाही. त्या ठिकाणचे केस काढणे ही सुन्नत आहे आणि हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीनुसार चाळीस दिवसांहून अधिक काळ ते राहू देऊ नयेत, पण माणूस हे काम स्वतः करू शकतो. केवळ सोयीसाठी तेथे लेझर किंवा सुई लावून घेणे, करणारी स्त्री असली तरी, जायज नाही. व्याधी असेल तर गोष्ट बदलते. माकडहाडापाशी केस आत शिरून गळू होण्याचा पायलोनायडल सायनस हा विकार तरुण मुलांमध्ये आढळतो. तो वारंवार होऊ नये म्हणून शल्यचिकित्सक तेथील केस लेझरने काढण्यास सांगतात. ही गरज आहे, आणि गरजेपुरताच भाग, गरजेपुरत्याच वेळेसाठी उघडावा, हा फिक्हचा नियम तेथे लागू होतो. आतल्या बाजूस वळलेल्या पापणीचा केस तर निखळ उपचारात मोडतो. त्यावर कोणीही आक्षेप घेऊ शकत नाही.

दुसऱ्याला इजा करू नये व स्वतःलाही होऊ देऊ नये, हेही शरीअतच आहे. सुई प्रत्येकीसाठी नवी, आपल्यासमोर उघडलेली असावी. कावीळ ब व क आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. ज्यांच्या जखमेवर जाड, उंचवट्याचे व्रण येतात किंवा ज्यांच्या हृदयात पेसमेकर आहे त्यांनी डॉक्टरांना आधी सांगावे. आपल्या सावळ्या त्वचेवर काळे डाग पडण्याचा धोका असतो, म्हणून स्वस्तातल्या अर्धवट शिकलेल्या हातांपासून दूर राहावे.

इबादतीसंबंधीचे प्रश्न थोडक्यात. सुईच्या टोकाएवढे रक्त आले आणि जागेवरच राहिले तर हनफी मस्लकात वुजू तुटत नाही, वाहिले तर तुटतो. शाफई मस्लकात दोन्ही स्थितींत तुटत नाही. बधिर करणाऱ्या मलमाचा थर पाणी त्वचेपर्यंत पोहोचू देत नाही, तो धुऊन मगच वुजू करावा. नंतर धरलेली बारीक खपली काढू नये, तिच्यावरून पाणी गेले की पुरे. डॉक्टरांनी त्या भागाला काही तास पाणी लावण्यास मनाई केली असेल तर हनफींनी तेथे मसह करावा आणि त्यानेही इजा होत असेल तर तेवढा भाग सोडावा. शाफईंनी उरलेले अवयव धुऊन त्या भागासाठी तयम्मुम करावा. सर्वांत सोपे म्हणजे इशाच्या नमाजनंतरची किंवा दोन नमाजांमध्ये पुरेसे अंतर असलेली वेळ ठरवावी. रोजात सुई किंवा मलम यांमुळे रोजा तुटत नाही. इहराममध्ये एकही केस काढता येत नाही, म्हणून उमराह किंवा हजच्या तारखा पाहूनच सिटिंग घ्यावे. जिच्या नावे कुर्बानी होणार आहे तिने जुल्हिज्जचा चंद्र दिसल्यापासून कुर्बानीपर्यंत केस व नखे काढू नयेत, ही हजरत उम्मे सलमा (रजि.) यांची रिवायत आहे, शाफई व हनफी दोघेही ते पसंतीचे मानतात. ते दहा दिवस सोडून पुढची तारीख घ्यावी.

आता भगिनीस तिचे उत्तर. तुम्ही त्या लानतीत मोडत नाही. त्या वडीलधाऱ्या स्त्रीने हदीसच ऐकवली आहे, म्हणून त्यांच्याशी अदबीने वागा. हा लेख त्यांना वाचून दाखवला तरी चालेल. दोन महिन्यांत इलेक्ट्रोलिसिस पूर्ण होणार नाही, हे मनाशी धरा. सुई मुळापर्यंत जाण्यासाठी केस थोडा वाढलेला लागतो, म्हणून सिटिंगआधी दोरा किंवा वॅक्स वापरू नका. निकाहच्या दिवसासाठी उरलेले केस छोट्या कात्रीने कापून घ्या. लग्नाच्या अगदी आदल्या आठवड्यातही सिटिंग ठेवू नका, त्वचा लाल राहते. निकाहनंतर उपचार सुरू ठेवताना पतीला कारण सरळ सांगा. पाळी अनियमित असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे मात्र आत्ताच जा, निकाहपर्यंत थांबू नका.