आधी आजीचा डेक बघ

मानवत, रविवार

चि. सई,

तुझा मेसेज आजीनं मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावला. तिच्या सहस्रचंद्रदर्शनाला पाहुण्यांच्या हाती नारळाबरोबर गाण्यांची सीडी द्यायची, हे तिला भलतंच आवडलंय. तू विचारलंस, ‘कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, नीरो विकत घ्यावं का?’ एका ओळीत सांगायचं तर, काही विकत घेऊ नकोस. पण मोंढ्याजवळ टपरी टाकून अठरा वर्षं लोकांच्या कॅसेटी भरून दिलेला माणूस मी, एका ओळीवर थांबणार कसा? म्हणून कागद घेतला.

सॉफ्टवेअर नंतर बघू. सीडी कशावर वाजणार ते आधी बघ. आजीचा डेक जुना आहे, त्यावर ‘एमपीथ्री’ ही अक्षरं नाहीत. अशा डेकला फक्त ऑडिओ सीडी कळते आणि तीत ८० मिनिटं मावतात, म्हणजे वीस-बावीस गाणी. त्याच ७०० एमबीच्या सीडीवर एमपीथ्रीच्या नुसत्या फायली टाकल्यास तर दीडशे गाणी बसतील, पण डेकच्या लेखी ती सीडी कोरीच. हे मी शिकलो ते एका लग्नात. दुकानात नवा कॉम्प्युटर आणला होता, एका गिऱ्हाइकाला फुशारकीनं एकाच सीडीत दीडशे गाणी भरून दिली. मांडवात डेकनं ती तीनदा गरगर फिरवली आणि बंद पडला. नवरदेवाच्या मामानं मला बोलावून घेतलं. पुढचं लिहीत नाही. तेव्हा सॉफ्टवेअर उघडल्यावर ‘डेटा डिस्क’ आणि ‘ऑडिओ सीडी’ असं विचारेल, तिथं घाई करू नकोस.

दुसरी गोष्ट गाण्यांमधल्या जागेची. ही कोणी सांगत नाही. डेकवर कॅसेट भरताना मी एक बोट पॉजवर ठेवून बसायचो. भावगीत संपलं की मनात तीन आकडे मोजायचे, मग पुढचं सोडायचं. लावणीनंतर एवढं थांबलं तर रंग उतरतो, तिथं एकच आकडा. भजनाची टेप असेल, गजरातून अभंग उचलला जात असेल, तर मध्ये श्वासभरही जागा नको. कॉम्प्युटरला हे कळत नाही. ‘ट्रॅक ॲट वन्स’ निवडलंस तर दर गाण्यानंतर लेझर थांबतो आणि दोन सेकंदांची शांतता आपोआप बसते, गजर मधेच तुटतो. ‘डिस्क ॲट वन्स’ म्हणजे सगळी सीडी एका दमात, जागा तू ठेवशील तेवढीच. ज्या सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय सापडत नाही ते दिसायला कितीही चकचकीत असो, सोडून दे. एक गाणं विरत असताना त्यावरच दुसरं चढवणारी ‘ऑटो मिक्स’ची सोयही काहींत असते. वरातीसाठी ठीक आहे. आजीच्या सीडीत नको, तिला गाण्याचा शेवट ऐकायचा असतो.

आता आवाज. तू गाणी दहा ठिकाणांहून गोळा करणार. एक हळू, दुसरं कानठळ्या बसवणारं, आणि ऐंशीच्या पुढची मंडळी दर गाण्याला उठून बटण फिरवत बसणार. माझ्या डेकला काट्याचे मीटर होते, काटा तांबड्यात जरा टेकून परत आला पाहिजे, एवढंच गणित. तुझ्या कॉम्प्युटरवर ‘नॉर्मलाइज’ असतं, पण त्यात एक गोम आहे. साधं नॉर्मलाइज गाण्यातलं सर्वांत उंच टोक मोजतं. जुन्या तबकडीवर ओरखडा असेल तर ते टोक म्हणजे त्या ओरखड्याची ‘टक्‌’, गायिकेचा आवाज नव्हेच. मग गाणं बिचारं तसंच हळू राहतं. म्हणून ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ वापर, ते कानाला एकूण किती मोठं वाटतं ते धरून चालतं. ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते आहे. फुकट आहे, गाण्याची शेपटी कापायला, आवाज हळूहळू विरवायलाही तेच चांगलं.

त्यातच आजीच्या ओव्या साफ कर. मागच्या दिवाळीत तू मोबाइलवर घेतल्यास त्या. मागं पंख्याची घरघर आहे. ओवी सुरू होण्याआधीचा नुसत्या घरघरीचा तुकडा निवडून ‘नॉइज रिडक्शन’ला दाखवलास की ते तेवढाच आवाज काढतं. थोडंच काढ. लोभ धरलास तर आजी हौदात बसून गातेय असं वाटेल. बांगड्या वाजतात त्या राहू देत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी लाखावर ओव्या जमवल्या, त्यातल्या कित्येक ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, आपल्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्याही. काम सुरू करण्याआधी त्यातल्या चार ऐक, मग किती पुसायचं ते कळेल.

ऑडॅसिटी सीडी मात्र राइट करत नाही. तिच्यातून १६ बिट, ४४,१०० हर्ट्‌झच्या वेव्ह फायली काढ आणि सीडीबर्नरएक्सपी घे. तेही फुकट, गाण्यांमधली जागा ठेवता-काढता येते. विंडोजच्या जुन्या मीडिया प्लेअरमध्येही जागा काढायचा आणि आवाज सारखा करायचा पर्याय आहे, फक्त आत खोल दडवलाय. तुझ्या एखाद्या मैत्रिणीकडं लिनक्स असेल तर केथ्रीबी. उतरवून घेताना ज्याच्या-त्याच्या मूळ साइटवरूनच घे आणि आपोआप टिक केलेल्या चौकटी वाचून काढून टाक, नाहीतर एकाबरोबर तीन पाहुणे घरात शिरतात. तुझ्या लॅपटॉपला सीडीची खाच नसेलच, यूएसबीचा बाहेरचा रायटर लागेल.

सीडी काठोकाठ भरू नकोस, ७६-७७ मिनिटांवर थांब. जुने डेक कडेला अडखळतात. कॅसेटीच्या काळात साठच्या टेपला एका बाजूला तीसच मिनिटं, त्यामुळं तीन मिनिटांच्या आतल्या गाण्यांची यादी मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवायचो, उरलेली जागा बुजवायला. तुला तसली यादी लागणार नाही, पण गाण्यांची वेळ कागदावर मांडून बघ. वेगही सर्वांत वरचा नको. १६ एक्सला पाच-सात मिनिटं लागतात, तेवढी लागू देत. भारनियमनाच्या दिवसांत निम्म्यावर वीज जाऊन वाया गेलेल्या सीड्या तुझ्या मामीनं चिमण्यांना भिववायला पापडांच्या बाजेवर टांगल्या होत्या. तू लॅपटॉपची बॅटरी भरून बस. नाव सीडीच्या मार्करनं लिही, बॉलपेननं कोरू नकोस. गाण्यांचा थर वरच्याच बाजूला असतो, खालच्या चकाकत्या बाजूला नव्हे.

पाहुण्यांसाठीच्या चाळीसच्या चाळीस सीड्या एकदम राइट करू नकोस. पहिली एक कर आणि इकडं येणाऱ्या कोणाहीबरोबर पाठव, मानवत रोड स्टेशनला मी घ्यायला जाईन. आजीच्या डेकवर पहिल्यापासून शेवटपर्यंत लावतो, तिच्याच शेजारी बसून. ती कुठं उठून बटण फिरवते ते गाण्याच्या आकड्यासह लिहून कळवतो.

तिचा निरोप आहे. सुरुवातीला सनई नको, ‘लग्न लागतंय का माझं?’ म्हणाली.

तुझा
मामा